चौथा रंग

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देवगडला जा, खारेपाटणला जा, नाहीतर खाडी ओलांडून राजापूरला. कापडाच्या दुकानांच्या दारात तिरंगी ओढण्या टांगलेल्या दिसतात. केशरी, पांढरा, हिरवा असे तीन सारखे पट्टे, चकाकणारं साटीन नाहीतर पातळ शिफॉन, आणि टोकाला बऱ्याचदा छापलेलं चक्र. विजयदुर्गच्या मोहल्ल्यातल्या मुली, शिक्षिका, अंगणवाडीताई याच ओढण्या घेतात. ध्वजवंदनाला आणखी काय घ्यायचं, तर बाजारात दुसरं काही नसतंच. या किनाऱ्यावरच्या मुस्लिम बायकांनी अंगभर पोशाखाची कला गेल्या काही दशकांत बरीच पुढे नेली आहे. राष्ट्रीय रंगांपाशी आली की मात्र ती अडखळते. याचा दोष त्यांच्या आवडीनिवडीला देऊन चालणार नाही. अडचण कापडात आहे, हवेत आहे, बाजारात आहे, आणि बघणाऱ्यांच्या नजरेतही आहे.

इथल्या पोशाखाचा इतिहास बंदराचा आहे. मुंबईहून निघालेली बोट मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत जायची, आणि कापडही याच वाटेने यायचं. जुन्या पिढीतल्या कोकणी मुसलमान बायका लुगडं-चोळी नेसत आणि डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. मासळी आणि शेती सांभाळणाऱ्या बाईला तेच सोयीचं होतं. पुढे पाचवारी आली, मग सलवार-कमीज. सत्तरच्या दशकापासून कुवेत, सौदी, दुबईकडे माणसं नोकरीला गेली आणि त्यांच्या बॅगांतून अबाया आला. पहिले अबाये काळे, सरळ, पोत्यासारखे लांब होते. आज तसं नाही. कळ्यांचा घेर, छत्रीसारखी बाही, पुढे उघडा ठेवून आत कुर्ता दिसेल असा कट, कॉलरवर बारीक दोरीकाम, असे कितीतरी प्रकार घराघरांतल्या शिलाई मशीनवर निघतात. मुंबईच्या बाजारातला कट मोबाइलवर बघून, मापं घेऊन, आपल्या गावच्या हवेला झेपेल असं कापड लावून देणाऱ्या बायका या पट्ट्यात आहेत. त्यांच्या कामाला कोणी कला म्हणत नाही, कारण त्याची समीक्षा कधी झालेलीच नाही. आपल्या मराठी मासिकांनी पैठणीवर विशेषांक काढले. डोक्यावरच्या स्कार्फबद्दल मात्र ती बोलतात ती कोर्टाचा निकाल लागला की. 2022 साली 15 मार्चला वर्गातल्या हिजाबबंदीवर कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल आला, 13 ऑक्टोबरला त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. तेव्हा स्कार्फवर रकानेच्या रकाने भरले. स्कार्फ कुठल्या कापडाचा असावा, यावर एक ओळ आली नाही.

आणि कापडाचाच प्रश्न मोठा आहे. आपले दोन राष्ट्रीय दिवस दोन टोकांच्या ऋतूंत येतात. 15 ऑगस्टला विजयदुर्गात पाऊस असतो, खाडीवरून वारा असतो. प्रभातफेरी निम्म्या वाटेवर भिजते. पांढरं जॉर्जेट किंवा मलमल भिजलं की अंगाला चिकटतं आणि पारदर्शक होतं. जिने अंग झाकायचं म्हणून पोशाख निवडला, तिची त्या घटकेला किती कुचंबणा होत असेल! वर स्वस्त ओढणीचा कच्चा केशरी रंग ओघळून पांढऱ्या पट्ट्यात उतरतो. 26 जानेवारीला पाऊस नसतो, पण लाल माती असते, आणि पांढऱ्या सलवारीची मोहरी मैदानात पोचेपर्यंत तांबडी होते. तिन्ही रंगांत पांढरा सगळ्यात अवघड. त्याला अस्तर लागतं, घट्ट विणीचं सुती कापड लागतं, आणि तो कमरेच्या वरच शोभतो. जाणत्या शिवणकरणी हे ओळखून आहेत. त्या नवं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग जातो का ते बघतात, आणि पांढऱ्याला हात घालण्यापूर्वी अस्तराचं विचारतात. तिरंगी ओढणी काढणाऱ्या कारखान्याने यातलं काहीच विचारलेलं नसतं.

दुसरा घोळ रचनेचा. डोक्याला केशरी स्कार्फ, अंगात पांढरा कुर्ता, खाली हिरवी सलवार हा मेळ इतका रुळला आहे की शाळेच्या सूचनेतही तोच येतो. तीन रंग समान मापाने आणि त्याच क्रमाने अंगावर चढवले की बाई झेंड्याची काठी होऊन जाते. तिचा बांधा, तिची चाल, तिची निवड काही उरत नाही. क्रम उलटला तर लोक उलटा झेंडा म्हणून बघतात. म्हणजे समान पट्ट्यांचा मार्ग दोन्हीकडून बंद आहे. कायदाही इथे शहाणपणाचा सल्लागार ठरतो. 1971 च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली. कमरेखाली घालायच्या कुठल्याही पोशाखात राष्ट्रध्वज वापरणं आणि कपड्यांच्या कापडावर तो छापणं किंवा भरतकामाने काढणं हा तिच्यानुसार ध्वजाचा अवमान आहे. रंगांना बंदी नाही. ध्वज अंगावर आणू नका आणि रंग हवे तसे वापरा, हा अर्थ एकदा समजला की शिवणाऱ्या हाताला मोकळं मैदान मिळतं. पायघोळ अबायावर चक्रासकट झेंडा छापणाऱ्यांना मात्र हे कोणीतरी सांगायला हवं.

2021 च्या डिसेंबरात ध्वजसंहिता बदलली आणि पॉलिस्टरच्या, यंत्रावर केलेल्या झेंड्यांना परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली आणि बाजार चकाकत्या तिरंगी कापडाने भरला. त्यातला केशरी नारिंगीकडे झुकलेला असतो आणि हिरवा पोपटी. घटना समितीने 22 जुलै 1947 ला जो ठराव केला त्यात केशरी गडद आहे, हिरवाही गडद आहे, आणि चक्र नेव्ही ब्लू आहे. गडद रंग एकमेकांशी भांडत नाहीत. भडक रंग काळ्या अबायावर घातले की ट्रकच्या मागच्या पाटीसारखे ओरडतात.

आणि इथेच मला या साऱ्याची गुरुकिल्ली दिसते. तिरंग्यात चौथा रंग आहे, निळा, आणि आपण तो विसरलो आहोत. नेव्ही ब्लू अबाया किंवा कुर्ता किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत असतो. काळ्याला पर्याय म्हणून तोच आधी आला. एका प्रजासत्ताकदिनी पाहिलेला पोशाख अजून नजरेसमोर आहे. नेव्ही ब्लू क्रेपचा साधा अबाया, खांद्याला चपखल, खाली मोजका घेर. जाड सुती पांढरा स्कार्फ, त्याला गडद हिरव्या दोऱ्याने हाताने दुमडलेली कड. केशरी कुठेच नाही असं वाटलं. राष्ट्रगीत संपलं, सलामीला हात वर गेला, आणि बाहीच्या मोहरीला आतून लावलेलं गोटाएवढं केशरी दिसलं. अंग झाकलेलं, पांढरा कमरेच्या वर, चिखल-मातीला निळा, आणि चारही रंग जागच्या जागी. हा पोशाख शिवणाऱ्या बाईने काही शिकवणीवर्ग केला नव्हता. मोठ्या शहरातल्या कुठल्याही दालनात तो ताठ मानेने उभा राहिला असता.

या रंगांच्या जुळणीत एका मुस्लिम बाईचा हात होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. ध्वजाच्या मूळ रचनेचं श्रेय पिंगली वेंकय्या यांना दिलं जातं. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलेल्या अंतिम रूपाशी बद्रुद्दीन आणि सुरैया तय्यबजी या दांपत्याचं नाव जोडलेलं आहे. पहिला नमुना सुरैया यांच्या देखरेखीखाली दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधल्या एका शिंप्याकडे शिवला गेला, असं त्यांची कन्या, ‘दस्तकार’ संस्थेच्या लैला तय्यबजी यांनी लिहिलं आहे. म्हणजे कापड, दोरा आणि रंगाची छटा यांची चिकित्सा झेंड्याच्या जन्मापासून आहे.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न सगळ्यांना सुटलेला नाही. इंडोनेशियात 17 ऑगस्टला बायका लाल-पांढऱ्यात दिसतात. त्यांना दोनच रंग सांभाळायचे असतात, आणि स्कार्फ पांढरा ठेवला की निम्मं काम होतं. आखाती देशांत राष्ट्रीय दिनाला अबायावर झेंड्याचा पट्टा आडवा टाकायची रीत आहे, ती मला रुचत नाही. तिथे शिवणकामाची जागा चिकटवण्याने घेतली आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इब्तिहाज मुहम्मद ही तलवारबाज हिजाब घालून अमेरिकेकडून उतरली आणि सांघिक कांस्यपदक घेऊन आली. देशाचं नाव गणवेशावर होतं आणि स्कार्फ हा स्कार्फच राहिला होता.

आपल्याकडे तिरंगी स्कार्फला आणखी एक अर्थ येऊन चिकटला आहे. 2020 च्या जानेवारीत नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध दिल्लीच्या शाहीन बागेत आणि मुंबईत नागपाड्याला धरणं धरून बसलेल्या बायकांच्या डोक्यावर तो दिसला. तेव्हा त्या बायका आपला हक्क सांगत होत्या, आणि अशा वेळी रंग ठळकच हवेत. पण गावातल्या शाळेच्या मैदानावर रोज ओळखीच्या असलेल्या बाईने दरवर्षी तेवढ्याच ठळकपणे स्वतःला सिद्ध करावं, ही अपेक्षा चूक आहे. ती कलेलाही मारते. हिरव्या कुर्त्यावर पांढरी ओढणी घेतली म्हणून टोमणा ऐकावा लागतो, असं बायका सांगतात. हिरवा चुडा भरणाऱ्या, हिरवं लुगडं नेसणाऱ्या कोकणात हिरव्याला परका ठरवणं हे अडाणीपण आहे आणि ते जाहीरपणे मोडून काढायला हवं. टोमण्याच्या भीतीने मग तीन पट्ट्यांची तयार ओढणी घेतली जाते, कारण तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. आवडीने निवडलेला रंग आणि भीतीने निवडलेला रंग यांतला फरक शिवणीत दिसतो.

म्हणून विनंती आहे. शाळांनी पोशाखाची सूचना काढताना रंग सांगावेत, कुठला रंग कुठे हे सांगू नये. दुकानदारांनी साटीनच्या ओढण्यांबरोबर गडद केशरी, गडद हिरवं आणि घट्ट विणीचं पांढरं सुती कापड मीटरवर ठेवावं. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवर पक्क्या रंगाचं असं कापड विणणं काही अवघड नाही. आणि बायकांनी येत्या 15 ऑगस्टसाठी कपाटातला निळा अबाया बाहेर काढावा, पाव मीटर केशरी घ्यावं, आणि ते कुठे लावायचं हे स्वतः ठरवावं.