'वुई' म्हणजे आम्ही की आपण?

मुलांच्या इंग्रजीच्या सराववहीत सर्वनामांचा तक्ता असतो. 'आय' म्हणजे मी, 'यू' म्हणजे तू किंवा तुम्ही, आणि 'वुई' म्हणजे आम्ही. 'यू'ला दोन अर्थ दिले, 'वुई'ला एकच. आमची तक्रार या एका रकान्याबद्दल आहे.

रोहण्यात शेजारी म्हणाला, 'उद्या आम्ही आर्वीले जातो', तर आपण पिशवी घेऊन दारात उभे राहत नाही. 'आपण जाऊ' म्हणाला, तर राहतो. एवढं तर शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. (वऱ्हाडीत 'आपल्याले नाही जमत' म्हणजे सरळ 'मला' जमत नाही, तो भाग निराळा!) इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'वुई'च. साहेब म्हणाले, 'वुई विल फिल द फॉर्म'. आता फॉर्म ते भरणार, की आपल्यालाही सोबत बसायचं? वाक्यातून कळत नाही, प्रसंगावरून ओळखावं लागतं. 'लेट अस गो'चंही तसंच. 'चला, जाऊ' आणि 'आम्हाला जाऊ द्या' हे दोन्ही अर्थ त्यात बसतात.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. बीजिंगकडच्या चिनी बोलीत 'वोमन' आणि 'जानमन' असे दोन शब्द आहेत, आणि 'जानमन' म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' आहेत. मराठीला ही सवय द्राविडी शेजारातून लागली असावी, असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांना वाटतं. म्हणजे इथं शब्द इंग्रजीकडे कमी आहे, आणि सराववही आपलाच एक शब्द गाळून हिशेब जुळवते. मग मूल भाषांतरात लिहितं, 'आई, आम्ही जेवू या का?'

आता मोठी गोष्ट. संविधानाची उद्देशिका इंग्रजीत 'वुई'ने सुरू होते, मराठीत 'आम्ही'ने. 'आपण' का नाही? 'आपण'मध्ये सगळे येतात, 'आम्ही'त समोरचा बाहेर राहतो, असं कोणी म्हणेल. आम्हाला हे पटत नाही. 'आपण' हे मान देऊन 'तुम्ही'च्या जागीही येतं, त्यामुळे ती ओळ मंचावरच्या पुढाऱ्याने समोरच्या लोकांना घातलेल्या हाकेसारखी वाटली असती. इथं हाक घालणारा वेगळा कोणी नाहीच. जो वाचतो तोच बोलतो. शिवाय 'आम्ही' म्हटलं की कोणीतरी बाहेर राहतं, आणि इथं तसं कोणी राहायलाच हवं होतं. 1935 चा कायदा आपल्यासाठी ब्रिटिश संसदेने केला होता. 26 नोव्हेंबर 1949 ला जे स्वीकारलं, ते दुसऱ्या कोणी दिलेलं नव्हतं. हे बाहेरच्याला ऐकवायला 'आम्ही'च लागतं, 'आपण'ने ते होत नाही.

परिपाठात पोरं रोज हा शब्द मोठ्याने म्हणतात. इंग्रजीच्या तासाला त्याच पोरांना गुरुजींनी एकदा विचारावं, 'या आम्हीत कोण कोण आहे, आणि बाहेर कोण?'