श्रीकांतच्या कारखान्यातले बाकीचे

‘श्रीकांत’ (२०२४) बघून आलेले माझे बहुतेक मित्र एकच शब्द वापरत होते : इन्स्पायरिंग. शब्द खोटा नाही. आंध्रात मछलीपट्टणमजवळच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला अंध मुलगा. अकरावीला सायन्स मिळावं म्हणून कोर्टात जातो, जिंकतो, अमेरिकेत एमआयटीत शिकतो आणि परत येऊन हैदराबादेत कंपनी काढतो. श्रीकांत बोल्ला यांचं हे खरंखुरं आयुष्य आहे. दिग्दर्शक तुषार हिरानंदानी आणि राजकुमार राव यांनी ते फारसं रडारड न करता मांडलंय. नायक खट्याळ आहे, हट्टी आहे, पुढे तर चक्क गर्विष्ठ होतो. अपंग माणसाला पडद्यावर वाईट वागायची मुभा मिळणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही.

माझी तक्रार कारखान्याबद्दल आहे.

बोल्लांट इंडस्ट्रीज सुपारीच्या झावळ्यांपासून ताटं-वाट्या बनवते, पॅकेजिंगचा माल बनवते. अपंगांना काम देणं हा ती काढण्यामागचाच हेतू होता. म्हणजे या गोष्टीतला सगळ्यात वेगळा भाग तिथे, मशीनपाशी आहे. दिसत नसलेला माणूस मशीनवर काम कसं करतो? त्यासाठी मशीनमध्ये काय बदलावं लागतं? एकाला दिसत नाही, शेजारच्याला ऐकू येत नाही, तर ते दोघं एकमेकांशी बोलतात कसे? पहिला पगार घरी नेल्यावर घरातली त्यांची जागा बदलते का? सिनेमा इथे थांबतच नाही. कामगार आहेत, पण नायकाच्या मागची गर्दी म्हणून. त्यांच्यातल्या एकाचंही नाव माझ्या लक्षात राहिलं नाही, आणि माझी स्मरणशक्ती बरी आहे.

असंच आणखी एका ठिकाणी होतं. खऱ्या श्रीकांतला सायन्सची परवानगी कोर्टाने दिली, पण अभ्यास शक्य झाला तो एका शिक्षिकेमुळे. त्यांनी पुस्तकं आवाजात रेकॉर्ड करून दिली. कल्पना करा, केमिस्ट्रीचं आख्खं पुस्तक कोणीतरी मोठ्याने वाचतंय. समीकरणं, आकृत्या, तक्ते सगळं. आकृती शब्दांत कशी सांगायची, हा प्रश्न दर पानाला. विकासात सामील करून घेणं म्हणतात ते हे असं कंटाळवाणं, घसा कोरडा पाडणारं काम असतं. पडद्यावर त्याच्या वाट्याला काही क्षण येतात, भाषणाला मात्र भरपूर वेळ मिळतो.

मी ‘अपंग’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. ‘दिव्यांग’ आता सरकारी शब्द झाला आहे, २०२२ मध्ये महाराष्ट्राने त्या नावाचं स्वतंत्र खातंही काढलं. खातं हवंच होतं. पण ‘दिव्य’ म्हटलं की माणूस थेट देवघरात जातो, आणि देवघरातल्याला कोणी पगार देत नाही. ‘श्रीकांत’सारखे सिनेमे नेमकं हेच करतात. एकाला इतका उंच चढवतात की खालच्या जिन्याला कठडा आहे की नाही, हे बघायचं राहून जातं.

खाली किती जण आहेत? २०११च्या जनगणनेत अपंगांची संख्या २.६८ कोटी होती. त्यांतले काम करणारे साधारण ३६ टक्के, बायकांमध्ये तर २३च्या आसपास. २०१६चा कायदा सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवतो. खासगी कंपन्यांनी निदान ५ टक्के अपंग माणसं घ्यावीत यासाठी मात्र त्यात फक्त प्रोत्साहनाची भाषा आहे, सक्ती नाही. एवढ्या मोठ्या देशाची गोष्ट एका एमआयटीवाल्याच्या खांद्यावर टाकून आपण पॉपकॉर्न खातो.

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) मला म्हणूनच पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. नसीरुद्दीन शाह यांचा अनिरुद्ध हा अंधशाळेचा मुख्याध्यापक. त्याला नोकरी आहे, ऑफिस आहे, घर आहे आणि सिनेमा याचं जराही कौतुक करत नाही. मोठा माणूस कमावतो, त्यात काय सांगायचं? ऑफिसात कॉफी चाललेली असताना शबाना आझमींची कविता मदतीला हात पुढे करते आणि हा भडकतो. पहिल्यांदा बघताना तो उर्मट वाटतो. दुसऱ्यांदा लक्षात येतं की त्याचा राग मदतीवर नाही, न विचारता केलेल्या मदतीवर आहे. हा फरक परांजपे एका कपावर दाखवतात. ‘श्रीकांत’ला तोच सांगायला कोर्ट आणि भाषण लागतं.

तरी ‘स्पर्श’लाही कुंपण आहे. अनिरुद्धची नोकरी अंधांच्या शाळेतच आहे. त्या गोड मुलांपैकी कोण पुढे बँकेत जाईल, कोण दुकान टाकेल, याचा विचार त्या आवाराबाहेर पडत नाही. आपल्या ‘श्वास’ (२००४) मध्येही, कॅन्सरमुळे दृष्टी गेलेला परशुराम होडीतून गावी परततो तिथे गोष्ट थांबते. ‘श्वास’ने तिथेच थांबणं योग्य होतं. पण परशुराम गावच्या शाळेत गेला का, तिथे त्याला कोणी पुस्तक वाचून दाखवलं का, हे सांगणारा पुढचा सिनेमा मला अजून भेटलेला नाही.

गोष्टींचा तुटवडा आहे, असं कोणी म्हणू नये. फोनवरून बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं ॲप सांगतं. आपण करतो आणि विसरतो. ॲसिडहल्ल्याने ज्यांच्या पापण्याच मिटत नाहीत, त्यांनी काय करायचं? हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ३० एप्रिल २०२५ला कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. खलनायक नाही, मारामारी नाही. एक बाई, एक फोन आणि पुढे न सरकणारी स्क्रीन. माझ्या मते यात ‘श्रीकांत’पेक्षा जास्त नाट्य आहे.

आणि प्रेक्षकाचं काय? जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी निर्मात्यांना ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज, तयार करायला सांगितलं. मागणाऱ्यांना त्यांच्यावर सिनेमा काढून नको होता. त्यांना शाहरुखची फायटिंग हवी होती, सगळ्यांना हवी तशीच.

‘श्रीकांत’ ओटीटीवर जरूर बघा. कोर्टाच्या प्रसंगापर्यंत तो खरंच चांगला आहे. कारखाना आला की मागच्या रांगेतल्या लोकांकडे बघा, कॅमेरा थांबला नाही तर पॉज करून.