टॅम्प्लीस, साप चावलाय

सापशिडी आपल्याकडे कोणी वेगळी विकत आणत नाही; ती लुडोच्या पाठीवर येते. डोंबिवलीतल्या आमच्या घरचा पुठ्ठा घडीवर फाटलाय. ५० आणि ५१ यांच्यामधून गेलेली चिकटपट्टी आता पिवळी पडली आहे, आणि तिथून जाणारा हिरवा साप पोटात दुमडल्यासारखा दिसतो. मे महिन्यात मुलांचे आईबाप लोकलनं ठाण्या-मुंबईला गेले आणि घरातली लाइट गेली, की हा पुठ्ठा फरशीवर उतरतो.

पोरखेळ म्हणून आपण त्याच्याकडे नीट पाहतच नाही. बुद्धिबळात चूक आपली असते. लुडोत सोंगटी मारणारा समोरच बसलेला असतो, त्याच्यावर डाफरता येतं. सापशिडीत मात्र निर्णय असा एकही नाही. फासा टाकायचा, घरं मोजायची, जे वाट्याला येईल ते सोसायचं. हुशारीला वावच नसल्यामुळे खेळणाऱ्याच्या हातात उरते ती फक्त त्याची तऱ्हा: चढताना किती माजायचं आणि घसरताना किती कोसळायचं. भावना आवरण्याचा इतका निर्भेळ सराव देणारा दुसरा पट मला माहीत नाही.

याच्या मराठी पूर्वजाला मोक्षपट म्हणत. तो ज्ञानदेवांनी रचला असं परंपरा सांगते. मोठी भावंडं भिक्षेला गेली की घरी राहणाऱ्या धाकट्या सोपान-मुक्ताईला विरंगुळा म्हणून, अशी आख्यायिका. जुन्या पटांवरच्या घरांना नुसते आकडे नव्हते, नावं होती. सापांच्या तोंडाशी काम, क्रोध, मत्सर अशी मंडळी बसलेली असत. म्हणजे पोर घसरलं की कशामुळे घसरलं, ते पटच सांगे. पुढे हा खेळ इंग्लंडला गेला. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीनं साप काढून घसरगुंड्या घातल्या, आणि खोड्या करणारी, आईला मदत करणारी मुलं चितारली. आपल्या पुठ्ठ्यावर तेही नाही. उरले आकडे आणि जीभ काढलेले साप. माझ्या मते हे नुकसानच, पण भरून येण्यासारखं. गेल्या सुट्टीत मुलांनी स्केचपेननं सापांना नावं दिली. ९८ वरच्या लांबलचक सापाचं नाव पडलं ‘मी खेळतच नाही जा’.

पटाच्या त्या शेवटच्या ओळीत खरी गंमत आहे. सोंगटी ९९ वर आली की नेमका एकच हवा. प्रत्येक फाशाला शक्यता सहातली एक. सहा वेळा टाकूनही एक न पडण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांश. बाकीचे मागून रांगत येतात आणि पहिला आलेला तिथेच मुठीत फासा खुळखुळवत बसतो. मग फाशावर फुंकर, मग ‘सोफ्याला टेकला, परत!’, मग रडीचा डाव. फाशाला आठवण नसते हे सात वर्षांच्या मुलाला कोण समजावणार? मोठ्यांनाही कुठे पटतं!

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्याचं काम करते. डॉक्टरांनी मराठी वाचकांच्या ओळखीची केलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती, मूळ अल्बर्ट एलिस यांची, मला या पुठ्ठ्यावर लख्ख दिसते. साप चावला, ही घटना. ‘मलाच नेहमी चावतो’, हे आपण मनात म्हटलेलं वाक्य. रडू येतं ते बरंचसं या वाक्याचं.

म्हणून मुलांना मुद्दाम जिंकू देणारे मामा-काका मला आवडत नाहीत. एक घर कमी मोजलेलं पोरांना बरोबर कळतं. अगदी लहानग्यासाठी गल्लीनं ‘कच्चं लिंबू’ कधीच शोधून ठेवलंय, तेही उघडउघड, सगळ्यांदेखत. आणि ‘टॅम्प्लीस’! मूठ ओठांना लावून वर धरायची, की डाव थांबला. श्वास घ्यायला सवड मागण्याची इतकी सुटसुटीत सोय मोठ्यांच्या भांडणात नाही.

गेल्या सुट्टीतल्याच एका दुपारी माझा भाचा ९८ वरून थेट २८ वर आला. फासा भिरकावला, गॅलरीत गेला आणि दार लावून घेतलं. मला ताटीच्या अभंगांची आठवण झाली: रागावून झोपडीत कोंडून घेतलेला ज्ञानदेव आणि बाहेरून त्याची समजूत काढणारी धाकटी मुक्ताई. आख्यायिका खरी धरली, तर ती त्याच मोक्षपटावर खेळून मोठी झालेली.

मी उठणार, तेवढ्यात कल्याणहून आलेली त्याची दहा वर्षांची ताई दाराशी जाऊन बसली. समजूत नाही, उपदेश नाही. आधी ती तिथेच नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, “टॅम्प्लीस घेतलंयस ना? तुझी सोंगटी २८ वरच आहे. कोणी हलवली नाहीये.”

दारापलीकडून उत्तर नाही. पंखा सुरू झाला, लाइट आली. तरी कोणी टीव्हीकडे गेलं नाही. मग कडी वाजली, दार किलकिलं झालं.

“कोणावर राज्य... म्हणजे, चाल कोणाची?”