पीपिंग टॉम

पीपिंग टॉम : मायकेल पॉवेल (१९०५–९०) या ब्रिटिश दिग्दर्शकाचा १९६० साली प्रदर्शित झालेला रंगीत थरारपट. पटकथा लिओ मार्क्स (१९२०–२००१) याची, छायालेखन ऑटो हेलर याचे व संगीत ब्रायन ईझडेल याचे असून चित्रपटाची लांबी सु. १०१ मिनिटांची आहे. प्रदर्शनाच्या वेळी बहुतेक ब्रिटिश वृत्तपत्रसमीक्षकांनी तो किळसवाणा म्हणून धिक्कारला. आज त्याची गणना ब्रिटिश चित्रपटाच्या अभिजात कृतींत होते. या दोन टोकांमधील वाटचालीत घरी पाहण्यासाठी काढलेल्या तबकड्यांचा व त्यांवरील पूरक सामग्रीचा वाटा मोठा आहे. म्हणून चित्रपटाबरोबर त्या सामग्रीचेही मूल्यमापन येथे केले आहे.

‘पीपिंग टॉम’ हे नाव कॉव्हेंट्री येथील लेडी गोडायव्हाच्या दंतकथेतून आले. विवस्त्र अवस्थेत घोड्यावरून जाणाऱ्या गोडायव्हाकडे टॉम नावाच्या शिंप्याने चोरून पाहिले आणि त्याची दृष्टी गेली, अशी ही कथा आहे. पुढे चोरून पाहण्याचे व्यसन असलेल्या कोणाही पुरुषाला इंग्रजीत हे नाव पडले. पाहणे आणि त्याबद्दलची शिक्षा हा या दंतकथेतील संबंध चित्रपटाच्याही मुळाशी आहे.

पॉवेलने एमरिक प्रेसबर्गर याच्या सहकार्याने अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ (१९४६), ब्लॅक नार्सिसस (१९४७), द रेड शूज (१९४८) यांसारखे रंगवैभवाने नटलेले चित्रपट निर्मिले होते. ही भागीदारी १९५७ मध्ये संपली. मार्क्स हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्त मोहिमांच्या संघटनेत सांकेतिक लिपींचा प्रमुख होता. दोघांनी प्रथम सिग्मंड फ्रॉइडच्या जीवनावर चित्रपट करण्याचा विचार केला होता. तथापि जॉन ह्यूस्टन त्याच विषयावर चित्रपट काढीत असल्याचे कळल्यावर तो बेत सोडून देण्यात आला व त्याऐवजी ही कथा आकारास आली. मनोविश्लेषणाची छाया मात्र तिच्यावर राहिलीच.

कथानक व रचना : मार्क ल्यूइस (कार्ल बोएम) हा लंडनच्या एका चित्रपटनिर्मितिगृहात कॅमेऱ्याचे भिंग केंद्रित ठेवणारा साहाय्यक आहे. फावल्या वेळात तो एका वृत्तपत्रविक्रेत्याच्या दुकानाच्या माडीवर स्त्रियांची चोरटी छायाचित्रे काढतो. तो स्त्रियांचा खून करतो आणि खून होत असताना त्यांच्या चेहऱ्यावरील भीतीचे चित्रण करून ठेवतो. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या एका पायात त्याने पाते दडविलेले आहे. मार्कचा जीवशास्त्रज्ञ पिता भीती व मज्जासंस्था यांचा अभ्यासक होता आणि त्याने स्वतःच्या मुलालाच प्रयोगाचे साधन केले होते. झोपेतल्या मुलाच्या डोळ्यांवर प्रकाश टाकणे, अंथरुणावर सरडा सोडणे, आईच्या मृतदेहाशेजारी त्याला उभे करणे आणि हे सर्व चित्रित करणे, असा तो क्रम होता. घरातील खोल्याखोल्यांतून ध्वनिमुद्रणाचीही सोय होती. त्याच घरात भाड्याने राहणारी हेलन (ॲना मॅसी) मार्कशी मैत्री करते. तिची अंध आई (मॅक्सीन ऑडली) मात्र वरच्या खोलीतील पावलांच्या आवाजावरूनच त्याच्याविषयी साशंक झालेली असते. अखेरीस मार्क त्याच पात्याने स्वतःचा अंत करून घेतो व तोही चित्रित करतो.

खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्या दृश्यापासून ठाऊक असते. रहस्य उरते ते दुसरेच : मरणाऱ्या स्त्रिया एवढ्या विलक्षण भयाने का पाहतात? त्याचे उत्तर शेवटी मिळते. मार्कने कॅमेऱ्याला आरसा जोडलेला असतो व प्रत्येक स्त्री स्वतःचीच मरणभीती पाहत मरते. प्रारंभीचा खून प्रेक्षक मार्कच्या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून, त्यावरील फुलीच्या रेघांसह पाहतो. लगेच श्रेयनामावलीच्या वेळी तेच चित्रण मार्कच्या घरातील पडद्यावर पुन्हा चालू होते आणि प्रेक्षक मार्कच्या पाठीमागे बसून ते दुसऱ्यांदा पाहतो. प्रेक्षकाची जागा आणि खुन्याची जागा यांतील अंतर दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर पुसून टाकले आहे. यातून तो स्वतःलाही वगळत नाही. जुन्या चित्रणातील पित्याची भूमिका पॉवेलने स्वतः केली असून बाल मार्कची भूमिका त्याच्याच मुलाने, कोलंबाने केली आहे. द रेड शूजची नायिका मॉइरा शीअरर हिला येथे निर्मितिगृहात, रिकाम्या मंचावर नृत्य करून झाल्यावर मरण येते. पॉवेलच्या पूर्वीच्या कलासौंदर्याची ही जणू त्याने स्वतःच केलेली उलटतपासणी आहे.

वाद व पुनर्मूल्यांकन : ब्रिटिश अभ्यवेक्षण मंडळाने सोळा वर्षांखालील प्रेक्षकांस मनाई करणारे ‘एक्स’ प्रमाणपत्र दिल्यानंतर एप्रिल १९६० मध्ये चित्रपट लंडन येथे प्रदर्शित झाला. ट्रिब्यून साप्ताहिकाचा समीक्षक डेरेक हिल याने तो फावड्याने उचलून जवळच्या गटारात लोटून द्यावा, असा सल्ला दिला. इतरांचा सूरही फारसा निराळा नव्हता. वितरकांनी चित्रपट लवकरच मागे घेतला. त्याच वर्षी आलेल्या ॲल्फ्रेड हिचकॉकच्या सायकोला मात्र अफाट लोकप्रियता लाभली. या दोहोंतील भेद मार्मिक आहे. सायकोच्या अखेरीस एक मानसोपचारतज्ञ खुन्याचे स्पष्टीकरण देऊन प्रेक्षकाला मोकळे करतो. पीपिंग टॉममध्ये अशी सुटका नाही. येथे खुन्याविषयी कणव वाटते आणि ती वाटल्याबद्दल प्रेक्षक स्वतःकडे संशयाने पाहू लागतो.

या टीकाकारांना केवळ अरसिक म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. आपल्याला खुन्याच्या बाजूस बसविले जात आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांचे निदान बरोबर होते. चूक निर्णयात होती. जी अस्वस्थता हा चित्रपटाचा विषय होती, तीच त्यांनी त्याचा दोष मानली. संडे टाइम्सच्या समीक्षिका डिलिस पॉवेल (दिग्दर्शकाशी नाते नसलेल्या) यांनी १९९४ मध्ये, तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, आपला पूर्वीचा अभिप्राय जाहीरपणे मागे घेतला. दरम्यान अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी याच्या पुढाकाराने १९७९ मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविण्यात आला व त्यानंतर अमेरिकेत त्याचे पुनःप्रदर्शन झाले. पुनर्मूल्यांकनास खरी चालना मिळाली ती येथून.

गृहप्रकाशने व पूरक सामग्री : अमेरिकेतील क्रायटेरियन या संस्थेने १९९९ मध्ये काढलेल्या डीव्हीडी आवृत्तीवर लॉरा मल्व्ही या ब्रिटिश विदुषीचे समांतर ध्वनिभाष्य आणि क्रिस रॉडली याचा अ व्हेरी ब्रिटिश सायको (१९९७) हा माहितीपट समाविष्ट आहे. चित्रपटातील स्त्री ही पुरुषी दृष्टीचा विषय कशी बनते, याची मीमांसा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केली होती. त्यामुळे या भाष्यासाठी त्यांच्याइतकी अधिकारी व्यक्ती विरळाच. ब्रिटनमधील आवृत्त्यांवर पॉवेलचा अभ्यासक इअन क्रिस्टी याचे ध्वनिभाष्य, स्कॉर्सेसीचे प्रास्ताविक आणि थेल्मा स्कूनमेकर हिची मुलाखत आहे. स्कूनमेकर ही स्कॉर्सेसीची संकलक व १९८४ पासून पॉवेलची पत्नी. फिल्म फाउंडेशन व ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे राष्ट्रीय संग्रहालय यांनी स्टुडिओकॅनाल कंपनीच्या सहकार्याने चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले आणि २०२४ मध्ये त्यावर आधारित उच्च दृश्यस्पष्टतेच्या नव्या तबकड्या निघाल्या. हेलरच्या रंगयोजनेतील भडक लाल आणि अंधाऱ्या खोलीतील मंद प्रकाश यांचा परस्परविरोध या आवृत्तीत नीट उमगतो.

या सामग्रीची उपयुक्तता वादातीत आहे. तिने चित्रपटाचा इतिहास, त्याची पार्श्वभूमी आणि त्याच्या कर्त्यांचे हेतू सामान्य प्रेक्षकाच्या हाती दिले. १९६० मधील टीकाही तिने जपून ठेवली. तथापि तिच्या दोन मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली ऐतिहासिक स्वरूपाची. एका चित्रपटाने एका थोर दिग्दर्शकाची कारकीर्द नष्ट केली, ही आख्यायिका अशा सामग्रीच्या आधाराने दृढ झाली. वस्तुतः पॉवेलने त्यानंतर द क्वीन्स गार्ड्स (१९६१), जर्मन दूरचित्रवाणीसाठी ब्लूबीअर्ड्स कॅसल (१९६३) आणि ऑस्ट्रेलियात दे आर अ वीअर्ड मॉब (१९६६) व एज ऑफ कन्सेंट (१९६९) हे चित्रपट केले. ब्रिटनमधील त्याचे स्थान ढासळले हे खरे. पण त्याची कारणे बदलत्या अभिरुचीत आणि चित्रपटव्यवसायाच्या अर्थकारणातही शोधली पाहिजेत. हुतात्म्याची कथा सोपी असते म्हणून ती पूर्ण ठरत नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. चित्रपटाची सर्व योजना प्रेक्षकाला एकटे पाडण्याची आहे. दृश्यदर्शकातून पाहताना त्याच्या कानाशी कोणी समजूत घालणारे नसते. ध्वनिभाष्य चालू केले, की शेवट ठाऊक असलेला एक सोबती त्याला मिळतो. मूळचा ध्वनी मागे पडतो आणि भीतीची जागा माहिती घेते. प्रास्ताविकातील गौरवही असाच परिणाम करतो. ज्याची थोरवी आधीच सांगितली गेली आहे, त्याच्यापासून दचकणे प्रेक्षकाला अवघड जाते. अशा रीतीने पूर्वीची निंदा आणि आजची स्तुती या दोन्ही चित्रपटाला निरुपद्रवी करण्याचेच मार्ग ठरू शकतात.

याउलट, घरी बसून हा चित्रपट पाहण्याच्या क्रियेतच एक अर्थ दडलेला आहे आणि तो कोणत्याही चित्रपटगृहात इतक्या तीव्रतेने जाणवणार नाही. मार्क हाही घरीच, अंधार करून, आपली चित्रणे पुन्हापुन्हा पाहतो. शीअररच्या पात्राच्या मृत्यूचे चित्रण पाहताना प्रकाश फार लवकर मावळला म्हणून तो हळहळतो आणि पुन्हा संधी शोधू लागतो. पाहण्याने त्याची तहान भागत नाही, वाढते. हवे ते दृश्य थांबविण्याची, मागे नेण्याची, पुन्हा लावण्याची सोय तबकडीने प्रत्येकास दिली आहे. घरगुती उपकरणांनी प्रेक्षकाला दिलेल्या या नव्या सत्तेचा विचार मल्व्ही यांनीच डेथ २४ एक्स अ सेकंड (२००६) या ग्रंथात केला आहे. थांबविलेले चित्र प्रेक्षकाला विचारास प्रवृत्त करू शकते, तसेच ते त्याच्यात स्वामित्वाची हावही जागवू शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मार्कच्या पित्याजवळही चित्रणे, ध्वनिमुद्रणे आणि विद्वत्तापूर्ण ग्रंथ असे सर्व साहित्य होते. त्याला ज्ञान मिळाले. मूल मात्र उद्ध्वस्त झाले.

म्हणून या चित्रपटाच्या बाबतीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम तो कोणत्याही भाष्याविना, अखेरपर्यंत न थांबविता पाहावा आणि पूरक सामग्रीकडे नंतर वळावे. हेलनच्या अंध आईला त्या खोलीतील पडद्यावरचे काहीच दिसत नाही, तरीही मार्कच्या व्याधीचे स्वरूप सर्वांत आधी तीच ओळखते. ही ओळख तिला माहितीतून झालेली नाही. ऐकलेल्या पावलांशी एकाग्र राहण्यातून झालेली आहे. अशीच एकाग्रता पीपिंग टॉम प्रेक्षकाकडून अपेक्षितो. ती दिल्यास तबकडीवरील भाष्ये चित्रपटाचा अर्थ विस्तारतात; न दिल्यास ती त्याच्यापासून प्रेक्षकाचे रक्षण तेवढे करतात.