घन पदार्थांची उष्णताधारकता : मापन-उपकरणांची रचना
पदार्थाचे तापमान एका अंशाने वाढविण्यास लागणाऱ्या उष्णतेस त्याची उष्णताधारकता म्हणतात. व्याख्या सोपी असली, तरी दिलेल्या उष्णतेपैकी नमुन्यात किती गेली आणि पात्र, तापक, तापमापक व परिसर यांनी किती घेतली, हे वेगळे काढणे अवघड असते. मापनाची विश्वसनीयता त्यामुळे उपकरणाच्या रचनेवरच अवलंबून राहते.

मिश्रण पद्धतीत तापविलेला नमुना पाण्यात टाकतात. बुन्सेन यांच्या बर्फ-उष्णतामापकात (१८७०) त्यामुळे वितळलेले बर्फ घनफळातील बदलावरून मोजतात. दोहोंत नमुन्याच्या आरंभीच्या व अखेरच्या तापमानांत मोठे अंतर असल्याने मिळते ते सरासरी मूल्य. एच. एफ. वेबर यांनी आरंभीची तापमाने बदलत हिऱ्यावर मापने करून ही अडचण पुष्कळशी ओलांडली (आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये याच मापनांचा आधार घेतला). परंतु अतिशय नीच तापमानांना ही रीत अपुरी पडते.

नेर्न्स्ट व त्यांचे सहकारी ऑयकेन यांनी बर्लिन येथे १९०९–१० च्या सुमारास केलेला बदल मूलगामी होता. त्यांनी नमुन्यालाच उष्णतामापक बनविले. नमुन्याभोवती प्लॅटिनमाची बारीक तार गुंडाळून तो निर्वात पात्रात टांगला. तापक व तापमापक ही दोन्ही कामे तीच तार करी. थोडी विद्युत् ऊर्जा देऊन तापमानातील अल्प वाढ मोजली की, त्या तापमानाचेच मूल्य मिळे. प्रत्यक्ष घट आइन्स्टाइन यांच्या सूत्रापेक्षा मंद आहे, हे अशा मापनांमुळे दिसून आले. डेबाय यांचा सिद्धांत (१९१२) त्यानंतरचा आहे.

मात्र निर्वातात नमुना थंड करणे कठीण. त्यासाठी सोडलेला हीलियम वायू नंतर काढून टाकला, तरी काही अंशी पृष्ठभागास चिकटून राहतो व तापविताना सुटून उष्णता घेतो. यांत्रिक पकड वापरल्यास ती सोडविताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. एक मोल तांब्याची उष्णताधारकता ३०० के. ला सु. २४.५ जूल प्रति के. असते, ती ४ के. ला सु. ०.००६ इतकी उतरते. तेथे या क्षुल्लक उष्णताही निष्कर्ष बिघडवितात.

बाखमन व इतरांनी १९७२ मध्ये मांडलेल्या शिथिलन पद्धतीत उष्णतेची गळती थोपवीत नाहीत. ज्ञात संवाहकतेच्या तारांतून ती होऊ देऊन नमुना निवण्यास लागणारा काळ मोजतात. काही मिलिग्रॅम नमुना पुरतो, ही सोय मोठीच. परंतु नमुना चिकटविणाऱ्या ग्रीजची उष्णताधारकता वजा करावी लागते. सुप्त उष्णता असलेल्या संक्रमणाजवळ निवण्याचा वक्र साधा राहत नाही व नेहमीच्या आकडेमोडीने शिखर बोथट होते. अशा ठिकाणी भोवतालचे आवरण नमुन्याच्याच तापमानावर राखणारे जुने, संथ उपकरण अधिक विश्वासार्ह ठरते.