पद आणि पदवी : कार्यकारी अधिकाऱ्याच्या प्रबंधाची चिकित्सा

‘पद’ आणि ‘पदवी’ हे दोन शब्द मराठीत इतके निकट नांदतात की त्यांतील अंतर सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. संस्कृतात ‘पदवी’ या शब्दाचा एक मूळ अर्थ वाट, मार्ग असा आहे. दर्जा अथवा मान हा अर्थ त्याला पुढे चिकटला. मराठीने हा दुसरा अर्थ तेवढा ठेवला व पहिला जवळजवळ टाकून दिला. मोठ्या उद्योगसंस्थेतील ज्येष्ठ अधिकारी नोकरी सांभाळून व्यवस्थापनशास्त्रातील डॉक्टरेटसाठी नाव नोंदवितो, तेव्हा त्याच्यापाशी पद असतेच. त्याला पदवी हवी असते. ती कोणत्या अर्थाने हवी, मान म्हणून की मार्ग म्हणून, यावर त्याच्या प्रबंधाचे मोल अवलंबून राहते. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र असल्याने येथील चिकित्सा मुख्यतः प्रबंधाच्या भाषेवरून केली आहे; तथापि भाषेचा हा प्रश्न अखेर पुराव्याचाच प्रश्न ठरतो, असे दिसून येईल.

नागपुरात या विषयाला केवळ तात्त्विक महत्त्व नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स व मॉइल या खाणकंपन्यांची मुख्यालये या शहरात आहेत. बुटीबोरीचे औद्योगिक क्षेत्र व मिहान शहराच्या दक्षिणेस विस्तारले आहेत. एका बाजूस १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस २०१५ साली सुरू झालेली भारतीय प्रबंध संस्था, आणि मध्ये अनुभवाने संपन्न असा अधिकारीवर्ग, अशी येथील स्थिती आहे. अशा ठिकाणी अंशकालीन संशोधकांची आवक वाढणे स्वाभाविक होय. प्रश्न आहे तो त्यांच्याकडून कशाची अपेक्षा करावी हा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी अंशकालीन पीएच.डी.ला अनुमती दिली आहे. तिचा कालावधी कमीत कमी तीन वर्षे व सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे आहे. परीक्षणाची रीत पूर्णवेळ विद्यार्थ्याप्रमाणेच आहे. दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी देण्यास मनाई आहे. परदेशी संस्थांच्या सहकार्याने ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींना भुलू नये, असा इशारा आयोगाने व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे दिला होता. अंशकालीन उमेदवाराला नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. कामाचे स्वरूप संशोधनास पुरेसा वेळ देऊ शकेल असे आहे, आणि आवश्यकता पडल्यास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी उमेदवारास कामातून मोकळे केले जाईल, अशी ग्वाही त्यात अभिप्रेत आहे.

‘पुरेसा वेळ’ हा शब्दप्रयोग थोडा थांबून तपासण्यासारखा आहे. कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या बाबतीत त्याला निश्चित अर्थ आहे, कारण वेळ देणारा एक व घेणारा दुसरा असतो. ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या बाबतीत हे प्रमाणपत्र बहुधा त्याच्याच हाताखालच्या कार्मिक विभागात तयार होते. येथे नियमाचा भंग होत नाही, परंतु नियमाने गृहीत धरलेला संबंध उलटा झालेला असतो. नियम उमेदवाराला परतंत्र मानतो. आपला उमेदवार सत्ताधारी आहे. त्याच्या प्रबंधातील बहुतेक दोषांचे मूळ वेळेच्या टंचाईत नसून या उलट्या संबंधात आहे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

व्यवसाय-प्रशासनातील डॉक्टरेट ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलची ‘डी.बी.ए.’ दीर्घकाळ मुख्यतः भावी प्राध्यापकांची, पूर्णवेळ संशोधनाची पदवी होती. पुढे त्या संस्थेने तिच्या जागी पीएच.डी. आणली. नोकरीत राहूनच करावयाच्या डॉक्टरेटचा प्रवाह निराळा असून १९९५ साली केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने अधिकाऱ्यांसाठी सुरू केलेला अभ्यासक्रम त्यात आरंभीचा म्हणता येईल. आपल्याकडील भारतीय प्रबंध संस्था २०१७ च्या कायद्यापूर्वी पदवी देऊ शकत नव्हत्या. त्यांचा संशोधक ‘फेलो’ म्हणून बाहेर पडे. सारांश, नावे बदलत आली आहेत. नावावरून दर्जा ठरविण्याचा वाद म्हणूनच निष्फळ आहे.

अध्यापनासाठी ही पदवी हवी, असेही आता निरपवादपणे म्हणता येत नाही. आयोगाने २०२२ मध्येच ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही व्यवस्था आणली असून तीत ज्येष्ठ स्तरावरील किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञास औपचारिक शैक्षणिक अर्हतेवाचून वर्गात येता येते. अनुभव सांगण्यासाठी जर डॉक्टरेट लागत नसेल, तर डॉक्टरेटने अनुभवाचे काहीतरी निराळे केले पाहिजे. हे निराळे काय, ते अधिकाऱ्याच्या भाषेकडे पाहिले असता स्पष्ट होते.

कार्यालयीन मराठीत ‘-ण्यात येणे’ या रचनेचे साम्राज्य आहे. ‘पाळ्यांची फेररचना करण्यात आली, त्यामुळे उत्पादनात वाढ झाल्याचे आढळून आले.’ व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये निर्दोष आहेत. पहिल्यात कर्ता ‘कडून’ लावून आणता येतो, पण सहसा आणला जात नाही; दुसऱ्यात ‘मला’ हे चतुर्थ्यन्त पद गाळलेले आहे. अहवालात हा लोप चालतो, कारण अहवालाखाली सही असते व वाचणाऱ्यास कर्ता ठाऊक असतो. हीच वाक्ये प्रबंधात जशीच्या तशी येतात तेव्हा मात्र फेररचना करणारा, तिचे फळ मोजणारा आणि ते फळ चांगले असे ठरविणारा ही एकच व्यक्ती आहे, हे झाकले जाते. प्रबंध इंग्रजीत लिहिल्याने यातून सुटका होत नाही. त्या भाषेतही कर्मणी प्रयोगाची हीच सोय आहे. अनेक विद्यार्थी या कर्तृलोपालाच वस्तुनिष्ठता समजतात. वस्तुतः कर्ता झाकल्याने विधान वस्तुनिष्ठ होत नाही, ते केवळ अनुत्तरदायी होते.

दुसरा दोष साक्षीचा. समजा, एखाद्या कोळसा खाणक्षेत्राचा महाव्यवस्थापक सुरक्षिततेवर संशोधन करीत आहे. ‘किरकोळ अपघातांची नोंद नियमितपणे होते काय?’ हा प्रश्न तो आपल्याच खाणीतील ओव्हरमनला व मायनिंग सरदाराला विचारतो. ‘होय, साहेब’ हे उत्तर येते. हे उत्तर खोटे असेलच असे नाही. पण ते उत्तर आहे की आज्ञापालन, हे त्या दोन शब्दांवरून ठरविता येत नाही. प्रश्नावलीवर नाव लिहू नये अशी सूचना छापल्याने हा प्रश्न मिटत नाही, कारण प्रश्नावली वाटणारा हात साहेबांचाच असतो. अशा पाचशे उत्तरांची सरासरी काढली तरी एका ‘होय, साहेब’चा संशय पाचशेपट होतो, इतकेच.

त्यात भाषांतराची भर पडते. ‘तुम्ही आपल्या कामाबाबत समाधानी आहात काय?’ हे वाक्य प्रश्नावलींत नित्य भेटते. इंग्रजी संज्ञेचे हे सरळ भाषांतर आहे, पण मराठीत ‘समाधान’ हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागून ‘समाधान मानणे’ हा वाक्प्रचार येतो. मिळेल त्यात समाधान मानावे, ही आपल्या घरांतून दिली जाणारी शिकवण आहे. तेव्हा कामगाराने ‘समाधानी’ या रकान्यात खूण केली तर काम त्याला आवडते असा अर्थ घ्यावा, की त्याने परिस्थितीशी तडजोड केली आहे असा? या दोन अर्थांतून निघणारे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेली मापनश्रेणी खुणा मोजू शकते; खूण करणाऱ्याने शब्द कोणत्या अर्थाने घेतला हे तिला कळत नाही.

याचा अर्थ अधिकाऱ्याने संशोधन करू नये असा नव्हे. बाहेरून आलेल्या संशोधकास ज्या दारापर्यंतही पोहोचता येत नाही, त्या दाराच्या आत तो वर्षानुवर्षे बसलेला असतो. कोणता प्रश्न खरोखर अडतो हे त्याला ठाऊक असते. न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ साली ‘द फंक्शन्स ऑफ द एक्झिक्युटिव्ह’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांच्यापाशी डॉक्टरेट तर नव्हतीच, हार्वर्डमधील पदवीचे शिक्षणही त्यांनी अर्धवट सोडले होते. आज्ञेचा अधिकार ती देणाऱ्यात नसून ती स्वीकारणाऱ्यात असतो, हा त्यांचा सिद्धान्त आत बसलेल्या माणसाला सुचला, हे लक्षणीय आहे. इंडियन ऑइलमधील नोकरीनंतर अमेरिकेत जाऊन एम.आय.टी. व हार्वर्ड अशा दोन ठिकाणी डॉक्टरेट मिळविणारे सुमंत्र घोषाल यांचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. त्यांच्या निधनानंतर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी असे दाखविले की व्यवस्थापनातील सिद्धान्त माणसांचे वर्तन घडवितात, आणि म्हणून चुकीचा सिद्धान्तही कालांतराने खरा ठरू लागतो. हा इशारा आपल्या अधिकारी-संशोधकास विशेष लागू आहे: आपला निष्कर्ष दुसऱ्या दिवशी परिपत्रक म्हणून काढण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती असते.

आज्ञा आणि प्रमेय यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. आज्ञा पाळली जाते किंवा मोडली जाते. प्रमेय खोडता येते. अधिकाऱ्याचे ज्ञान त्याच्या पदामुळे मान्य होत आलेले असते. डॉक्टरेटची वाट म्हणजे तेच ज्ञान अशा जागी आणून ठेवणे, की जेथे त्याच्या पदाला न जुमानणारा कोणीही ते खोडू शकेल. ‘पदवी’ शब्दाचा हरवलेला अर्थ तो हाच.

या दृष्टीने विभागांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. प्रत्येक अधिकारी-संशोधकाच्या प्रबंधात त्याच्या अधिकारपदाचे स्वतंत्र विवेचन असावे: अभ्यासलेल्या निर्णयांपैकी कोणते त्याने स्वतः घेतले, कोणत्या साक्षीदारांच्या बढतीवर व बदलीवर त्याचा अधिकार चालतो, हे त्यात प्रथमपुरुषी क्रियापदांनी सांगावे. हाताखालच्या माणसांच्या मुलाखती त्याने स्वतः घेऊ नयेत. शक्य तर अभ्यासाचे क्षेत्रच दुसऱ्या संस्थेत असावे. प्रश्नावलीतील प्रत्येक कळीचा शब्द उत्तर देणाऱ्यांच्या बोलीत आधी तपासावा. नागपूरच्या परिसरात ती बोली वऱ्हाडी, नागपुरी वा हिंदी असू शकते, पुस्तकी मराठी क्वचितच. आणि प्रबंध गोपनीयतेच्या सबबीवर कपाटात बंद राहू नये. प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या सार्वजनिक संग्रहात जाते, ही व्यवस्था केवळ कार्यालयीन उपचार नव्हे. ज्या मायनिंग सरदाराने उत्तर दिले, त्याच्या मुलालाही तो प्रबंध उघडून पाहता यावा, हा तिचा अर्थ आहे. जी सामग्री उघड करता येत नाही ती अहवालासाठी ठेवावी.

हे आग्रह कडक वाटतील. काही अधिकारी त्यांमुळे परतही जातील, आणि विभागांची नोंदणी थोडी घटेल. तेवढी किंमत द्यावी. पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या प्रबंधात चूक राहिली तर बहुधा त्याचीच हानी होते. अधिकाऱ्याच्या प्रबंधातील चुकीला विद्यापीठाची मुद्रा लाभली, तर ती चूक भोगणारी माणसे खाणीत आणि कारखान्यात असतात, आणि तिच्याविरुद्ध बोलण्याची जागा त्यांना प्रबंधाच्या बाहेर कोठेच नसते.