पर्वतीय प्रजातींची जनुकीय विविधता आणि पुरातन हवामानबदल : एका स्पष्टीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

पर्वतीय प्रजातींच्या आजच्या जनुकीय विविधतेचे मूळ पुरातन हवामानबदलात शोधण्याची पद्धत प्रामुख्याने युरोपातील अभ्यासांमुळे रूढ झाली. गॉडफ्रे ह्यूइट यांनी २००० साली तिची सुसूत्र मांडणी केली. हिमयुगात अनेक प्रजाती आयबेरिया, इटली व बाल्कन येथील आश्रयस्थानांत तगून राहिल्या आणि बर्फ ओसरल्यावर उत्तरेकडे पसरल्या, असे तिचे सार आहे. हे स्पष्टीकरण उष्ण कटिबंधातील पर्वतांना जसेच्या तसे लागू पडते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. त्यासाठी दक्षिणेकडील पश्चिम घाटातील शोलावनांच्या पक्ष्यांवरील संशोधन विचारात घेतले आहे.

विवेचन

शोलावने उंच डोंगरमाथ्यांवर बेटांसारखी विखुरलेली आहेत. त्यांच्यामधील सर्वांत रुंद दरी म्हणजे पालघाट खिंड. व्ही. व्ही. रॉबिन व सहकाऱ्यांनी २०१० साली आज 'शोलाकिली' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या समूहांची फारकत सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी झाल्याचे अनुमान आहे. प्लाइस्टोसीन हिमयुगांचा आरंभ सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजेच ही फारकत हिमयुगांच्या खात्यावर टाकता येत नाही. उलट, ती केवळ खिंडीमुळे झाली असेही म्हणता येत नाही. कारण खिंड या फारकतीहून कितीतरी जुनी आहे. खिंड आधीपासून होती, तर समूह इतक्या उशिरा का विलग झाले? खिंडीतील अधिवास कधी ओलांडण्याजोगा तर कधी दुर्लंघ्य होत असावा, हेच उत्तर अधिक सयुक्तिक वाटते. दरी हा अडसर खरा. पण तो केव्हा उघडावा व केव्हा बंद व्हावा, हे हवामानाने ठरविले असावे.

याच गटाने २०१५ साली २३ पक्षीप्रजातींचा एकत्रित अभ्यास मांडला. त्यांपैकी १० प्रजातींत सर्वांत जुनी फारकत पालघाट खिंडीशी निगडित आढळली. फारकतींचे काळ बहुतांशी प्लाइस्टोसीनमधील असले, तरी ते परस्परांशी जुळत नाहीत. लेखकांनी यातून हवामानातील चढउतारांच्या भूमिकेस दुजोरा मिळतो असे म्हटले आहे. तथापि दरी तीच, हवामान तेच, आणि बहुसंख्य प्रजातींवर खिंडीचा ठसा नाही, ही बाब तितकीच बोलकी आहे. उड्डाणक्षमता, अधिवासाची निवड आणि स्थानिक विलोपनानंतरचे पुनर्वसन यांचा विचार केल्याखेरीज हवामानाचे स्पष्टीकरण अपुरे राहते.

दुसरा आक्षेप हवामानाच्या स्वरूपाविषयी आहे. थंडी वाढली की पर्वतीय वने खाली उतरून परस्परांना मिळतील, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मात्र निलगिरीतील पीट थरांच्या कार्बन समस्थानिकांवरील रमण सुकुमार व सहकाऱ्यांचा १९९३ सालचा अभ्यास शेवटच्या हिमकालाच्या पराकोटीच्या सुमारास कोरडे हवामान व गवताळ प्रदेशांचे प्राबल्य दर्शवितो. मान्सूनच्या प्रदेशात थंडीसोबत कोरडेपणा आला, तर वनांचा विस्तार होण्याऐवजी संकोच होऊ शकतो. युरोपचे बर्फाचे वेळापत्रक येथे उपयोगी पडत नाही. येथे पावसाचा इतिहास वाचावा लागतो.

तिसरी मर्यादा पद्धतीची आहे. जनुकीय घड्याळाचा वेग बहुधा अन्य पक्षीगटांवरून घेतलेला असतो. वेग बदलला की कालनिश्चिती बदलते आणि एखाद्या हवामानघटनेशी जुळलेली फारकत तिच्यापासून दूर सरकते. काळ जुळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे.

निष्कर्ष

हा वाद केवळ तात्त्विक नाही. खिंडीपलीकडील समूह लक्षावधी वर्षे स्वतंत्र असतील, तर एका डोंगरावरील समूहाच्या नाशाची भरपाई दुसऱ्या डोंगरावरून होणार नाही. शिवाय आजच्या तापमानवाढीत माथ्यावरील प्रजातींना आणखी वर सरकण्यास जागाच नाही. म्हणून हवामान, भूरचना व प्रजातींचे स्वभावविशेष यांचा एकत्रित विचार करणारे, प्रदेशनिष्ठ स्पष्टीकरण हीच संवर्धनाची पहिली गरज आहे.